समुद्रावर कोरडं राहण्याची गोष्ट

माझ्या खोलीच्या दारामागे एक लाल जाकीट टांगलेलं आहे. त्याची कॉलर कानांच्या वर येते आणि मनगटाला दुहेरी पट्ट्या आहेत. सोबत छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट आहे. दोन्ही मिळून किंमत किती होती ते मी घरात अजून कुणालाही सांगितलेलं नाही. गेल्या दोन पावसाळ्यांत जाकिटाचा आतला थर सुटायला लागला आहे. ते घालून काढलं की काळ्या टी-शर्टवर पांढरे पापुद्रे पडतात, कोंड्यासारखे. मुंबईच्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा लेप पाणी शोषून हळूहळू तुटत जातो. म्हणजे पाण्यापासून वाचवायला केलेली वस्तू कपाटात बसल्या बसल्या पाण्यानेच मेली.

या कपड्याला मराठीत शब्द नाही. रेनकोट म्हणावं तर रेनकोट वरून येणाऱ्या पावसासाठी असतो. शिडाच्या होडीवर पाणी समोरून, बाजूने, कधी खालूनही येतं आणि ते खारं असतं. इंग्रज दर्यावर्दी त्याला अजूनही ‘ऑइली’ म्हणतात, जरी त्यात तेलाचा थेंबही उरलेला नाही. आपल्याकडे शब्द का नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता. तो एका मे महिन्याच्या रात्री पडला.

मोसम संपत आला होता. पावसाळ्याआधी होडी पाण्याबाहेर काढायची म्हणून आम्ही पाच जण ती गोव्याहून मुंबईला आणत होतो. वायव्येचा वारा नेमका तोंडावर, त्यामुळे नागमोडी जात, प्रत्येक लाटेवर नाळ आपटत तीन दिवस काढायचे होते. माझ्या अंगावर ते नवंकोरं लाल जाकीट. आमच्यासोबत देवगडकडचे एक जुने खलाशी होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांच्याकडे अर्धी चड्डी, बनियन आणि बाजारातला निळ्या प्लास्टिकचा एक कोट, ज्याच्या बाह्या त्यांनी कोपरावर कापून टाकल्या होत्या. मला मनातून त्यांची जरा काळजीच वाटली होती.

दुसऱ्या रात्री विजयदुर्गच्या पुढे कुठेतरी वाऱ्यापावसाचा जोरदार झोत आला. तासाभराने तो ओसरला तेव्हा मी कुडकुडत होते. हवा सत्तावीस-अठ्ठावीस अंश असेल, आणि माझे दात वाजत होते. जाकिटाच्या आत हात घातला तर सगळं ओलं. पाणी बाहेरून आलं होतं की तो माझा घाम होता, हे कळायला मार्ग नव्हता. डोकं दुखत होतं, मळमळत होतं. तात्या पाऊस सुरू होताच बनियन काढून पिशवीत कोंबून उघड्या अंगावर प्लास्टिक चढवून बसले होते. पाऊस थांबल्यावर त्यांनी अंग पुसलं, कोरडा बनियन घातला आणि पिशवीतला दुसरा बनियन माझ्यापुढे धरला. म्हणाले, “आंग सुकता गो बाय, कपडो सुकत नाय.”

त्या रात्रीपासून मी या कपड्यांच्या इतिहासाच्या मागे लागले. पाणी आतलं की बाहेरचं, हा माझा प्रश्न किमान दोनशे वर्षं जुना निघाला.

युरोपातल्या शिडाच्या जहाजांवर खलाशाकडे वेगळा पावसाळी पोशाख असा नसायचाच. जहाजावर जे होतं तेच तो अंगाला लावायचा: शिडाचं जाड कापड आणि दोरखंडांना फासायचं डांबर. डांबर लावलेल्या टोप्या नि कोट घालणाऱ्या या माणसांना ‘टार’ हेच नाव पडलं. हे कापड पाणी अडवायचं, पण थंडीत फळीसारखं ताठ व्हायचं आणि उन्हात हाताला चिकटायचं. शिवाय वास. पुढची सुधारणा म्हणजे डांबराऐवजी जवसाचं तेल.

जवसाचं तेल ‘सुकतं’ ते पाण्यासारखं उडून जाऊन नव्हे. ते हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कापडाच्या धाग्यांत एक लवचीक पिवळसर पापुद्रा तयार होतो. तैलचित्रं शतकानुशतकं टिकतात ती याच गुणामुळे. एक हात तेलाचा, मग सुकवणं, मग दुसरा हात, असं करत खलाशी आपला कोट स्वतःच तयार करत. हे काम कारखान्यात नेणाऱ्यांत एक नाव ठळक आहे. हेली युएल हान्सेन हा नॉर्वेचा कप्तान बरीच वर्षं समुद्रावर भिजून कंटाळला होता. १८७७ साली त्याने आणि त्याची बायको मारेन मार्गारेथे हिने मॉस या गावी जाड लिननच्या कापडाला जवसाचं तेल पाजून जाकिटं, पँटी आणि टोप्या विकायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या मालाचा गौरव झाला आणि पहिल्या पाच वर्षांत सुमारे दहा हजार नग खपले. टोपीची मागची झालर पुढच्यापेक्षा लांब असे, म्हणजे पाणी मानेत न जाता पाठीवरून ओघळावं. नैर्ऋत्येच्या वादळी वाऱ्यावरून तिला ‘साउवेस्टर’ नाव पडलं. मानेतून आत जाणारा पहिला थेंब ज्याने अनुभवला आहे त्याला या झालरीचं मोल सांगावं लागत नाही.

इथे मला आपला एक धागा सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान हा जगातल्या मोठ्या जवस निर्यातदारांपैकी एक होता. विदर्भ, मध्य प्रांत, खानदेशातला जवस रेल्वेने मुंबई बंदरात येई आणि तिथून युरोपातल्या तेलघाण्यांकडे जाई. लंडनच्या बाजारात ‘बॉम्बे लिनसीड’ ही मालाची एक प्रतच होती. हान्सेनच्या कापडात नागपूरकडचा जवस होता असं मी म्हणणार नाही. पण ज्या बियांची आपण चटणी करून भाकरीशी खातो, तिच्या तेलावर उत्तर समुद्रातली माणसं जगत होती, एवढं नक्की.

तेलाच्या कपड्यांचे गुण होते तसे जाचही होते. नीट न सुकलेले तेलकट कपडे घडी घालून रचून ठेवले की प्राणवायूशी चाललेल्या त्याच क्रियेतून उष्णता साठत जाई आणि ते आपोआप पेटू शकत. उष्ण कटिबंधात ते एकमेकांना चिकटून बसत. आणि काहीही केलं तरी मनगट, घोटा, कंबर इथून पाणी शिरायचंच. म्हणून केप हॉर्नला वळसा घालणारे खलाशी या जागा दोरीच्या तुकड्यांनी घट्ट आवळून घेत. त्या बांधणीला ते ‘बॉडी अँड सोल लॅशिंग’ म्हणत, म्हणजे कुडी आणि प्राण एकत्र बांधून ठेवणारी दोरी. बाहीची कडक, मिठाने खरखरीत झालेली कड दिवसभर मनगटावर घासून तिथे गळवं येत. कोळणीचं टोपलं डोक्याला जसा घट्टा पाडतं, तसं मासेमारीवरच्या माणसाचं मनगट त्याचा धंदा सांगायचं.

दुसरी वाट रबराची होती. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने कोळशाच्या गॅसच्या कारखान्यातून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवलं आणि दोन कापडांच्या मध्ये त्याचा थर भरून पेटंट घेतलं. पाणी खरोखर अडलं. पण शिंप्याने सुई घातली की प्रत्येक टाक्याचं भोक गळू लागलं, थंडीत कोट कडक आणि उन्हात लिबलिबीत होऊ लागला. रबराला गंधक आणि उष्णता देऊन पक्कं करण्याची रीत १८४०च्या आसपास आली तेव्हा हा दोष गेला. एक दोष मात्र तसाच राहिला, किंबहुना कापड जितकं उत्तम तितका तो वाढला. आतला घाम बाहेर जाईना. पाणी अडवणारी भिंत दोन्ही बाजूंनी भिंतच असते.

गंमत अशी की ज्यांना युरोप रानटी म्हणत होता त्यांनी हे कोडं केव्हाच बरंचसं सोडवलं होतं. अलास्काच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचे उनांगान, ज्यांना बाहेरचे लोक अल्यूट म्हणतात, ते समुद्रसिंह, सील, वॉलरस यांच्या आतड्यांच्या पट्ट्या जोडून सदरे शिवत. आतडं पाणी आत येऊ देत नाही, पण थोडी वाफ बाहेर जाऊ देतं. शिवण स्नायुतंतूंची, आणि हे तंतू भिजले की फुगून टाक्याचं भोक बुजवतात. सदऱ्याचा खालचा घेर कातडी होडीच्या तोंडाभोवती बांधला की माणूस आणि होडी एक होई, लाट वरून गेली तरी आत पाणी नाही. ही शिवण बायकांच्या हातची. शिकाऱ्याचा जीव तिच्या टाक्यावर टांगलेला असे. या कपड्याचाही त्रास होताच. तो सुकला की ठिसूळ होई, त्याला तेल लावून, ओलसर करून जपावं लागे.

कपडा नसेल तर काय होतं याचं उदाहरण १९१६ सालचं आहे. शॅकल्टनचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात चिरडून बुडालं, माणसं एलिफंट बेटावर अडकली, आणि २४ एप्रिलला शॅकल्टनसह सहा जण ‘जेम्स केअर्ड’ नावाच्या जेमतेम सात मीटर लांबीच्या होडीतून साउथ जॉर्जियाकडे निघाले. सुमारे आठशे मैल, जगातला सर्वांत खवळलेला समुद्र. त्यांच्या अंगावरचे कपडे बर्फावर घसरगाड्या ओढण्यासाठी बेतलेले होते. वारा अडवणारं घट्ट विणीचं कापड, आत लोकर. कोरड्या थंडीत ते उत्तम, पण पाणी ते अडवत नव्हतं. लाटेमागून लाट अंगावर येत राहिली, ओले कपडे मांड्यांना घासून कातडी सोलवटली, रेनडिअरच्या कातड्याच्या झोपायच्या पिशव्या भिजून त्यांचे केस गळून अन्नात पडू लागले. १० मे रोजी ते किनाऱ्याला लागले. या प्रवासाबद्दल आपण नेहमी नेतृत्व आणि जिद्द यांच्या गोष्टी ऐकतो. मला त्यात दिसतात ते चुकीच्या हवेसाठी शिवलेले कपडे घातलेले सहा जण. कोरडी थंडी आणि ओली थंडी हे दोन वेगळे शत्रू आहेत, आणि एकासाठीचं चिलखत दुसऱ्यापुढे निकामी ठरतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेल मागे पडलं, प्लास्टिक आलं. १९४९ साली हान्सेनच्याच कंपनीने हेलॉक्स नावाचं पातळ प्लास्टिकचं कापड काढलं. १९६३ साली मँचेस्टरमध्ये हेन्री स्ट्रझेलेत्स्की या युद्धानंतर तिथे राहिलेल्या पोलिश सैनिकाने अँगस लॉइडसोबत हेन्री-लॉइड ही कंपनी काढली आणि लेप दिलेल्या नायलॉनचे कपडे शिवायला घेतले. हलके, न सडणारे, न चिकटणारे. १९६६-६७ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर एकट्याने, वाटेत फक्त सिडनीला थांबून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, तेव्हा त्याच्यापाशी हेच कपडे होते. त्यानंतर दोनच वर्षांनी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने ३१२ दिवसांत कुठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. त्याची ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी सागवानी होडी आपल्या मुंबईत, कुलाब्याला बांधलेली होती. जगातली पहिली विनाथांबा एकल प्रदक्षिणा करणारी होडी मुंबईची, आणि मुंबईच्या भाषेत तिच्यावर घालायच्या कपड्याला शब्द नाही!

घामाचा प्रश्न सुटला असं वाटलं ते १९६९ नंतर. अमेरिकेत बॉब गोर याने टेफ्लॉनचा दांडा गरम करून झटकन ताणला आणि त्यातून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. करणाऱ्यांच्या हिशोबाने छिद्र पाण्याच्या थेंबापेक्षा वीस हजार पट लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा सातशे पट मोठं. म्हणजे पाऊस बाहेर, घाम बाहेर. १९७६पासून हे कापड बाजारात आलं. समुद्रावर मात्र त्याला मिठाने छळलं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. खारवलेलं जाकीट घरी आणून सुकवलं तरी पावसाळी दिवशी पुन्हा दमट लागतं, आणि बाहेरचं कापड ओलं राहिलं की वाफेला वाट उरत नाही. म्हणून प्रत्येक सफरीनंतर ते गोड्या पाण्याने धुवायचं, हा या कपड्यांचा पहिला नियम आहे. शिवाय कापडावरून थेंब ओघळून जावा म्हणून जी फ्लुओरीनयुक्त रसायनं वर्षानुवर्षं वापरली गेली, ती निसर्गात विघटित होत नाहीत, हे आता कळलं आहे. ज्या समुद्रापासून बचाव करायचा त्यातच ती शेवटी जातात.

आणि मग आपली हवा. वाफ आपोआप बाहेर जात नाही, आत दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती जाते. हिशोब सोपा आहे. अंगाजवळची हवा चौतीस अंश आणि घामाने भरलेली. बाहेर आठ अंशांचा उत्तर समुद्र असेल तर दोन्हींतल्या वाफेच्या दाबात मोठा फरक पडतो. बाहेर अठ्ठावीस अंश आणि नव्वद टक्के दमटपणा असेल तर तोच फरक निम्म्याहूनही कमी होतो. माझं महागडं लाल जाकीट खोटं बोलत नव्हतं, ते फक्त दुसऱ्या समुद्रासाठी शिवलेलं होतं. वर मी आत सुती टी-शर्ट घातला होता. सूत घाम पितं, धरून ठेवतं, आणि वारा लागला की अंगातली ऊब घेऊन जातं. सगळ्यात आत अंगावर पाणी न धरणारा थर, मध्ये ऊब धरणारा, बाहेर वारा-पाणी अडवणारा, ही तीन थरांची शिस्त मी पाळलीच नव्हती. शॅकल्टनच्या माणसांची चूक मी उलट्या दिशेने केली होती.

डोकेदुखीचं कारण वेगळं होतं आणि ते लिहायला मला वेळ लागला. मी दिवसभर पाणीच प्यायले नव्हते. छातीपर्यंतची ती पँट लघवीसाठी काढायची म्हणजे आधी लाइफजॅकेट, मग जाकीट, मग खांद्याचे पट्टे, आणि हे सगळं हलत्या होडीवर, कोंदट खालच्या खोलीत. पुरुषांना पुढे एक चेन असते. हे कपडे शंभर वर्षं पुरुषांच्या अंगावरच बेतले गेले. १९८९-९० मध्ये ‘मेडन’ या होडीवरून संपूर्ण स्त्रियांची तुकडी पहिल्यांदा व्हिटब्रेड शर्यतीत उतरली, इतकी ही गोष्ट अलीकडची आहे. मागून उघडणाऱ्या बायकांच्या पँटी आता मिळतात, पण माझ्या दुकानात माझ्या मापाची नव्हती, म्हणून मी पुरुषांची लहान मापाची घेतली होती. आणि ती काढावी लागू नये म्हणून तहान मारली. ही युक्ती अनेकजणी करतात आणि ती जिवावर बेतू शकते, हे मला नंतर कळलं.

आता शब्दाचा प्रश्न. मला वाटतं, आपल्याकडे शब्द नाही कारण आपल्या किनाऱ्याने खवळलेल्या समुद्रावर शोधलेला उपाय कपड्याचा नव्हता, पंचांगाचा होता. पावसाळ्यात समुद्रावर जायचंच नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर होड्या पुन्हा पाण्यात जात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीबद्दल सूचना आहेत. जहाजं किल्ल्याच्या आश्रयाने ठेवावी, दरवर्षी एकाच बंदरावर भार टाकू नये, वगैरे. जमिनीवर मात्र पावसात काम टळत नव्हतं, म्हणून तिथे शब्दही आहे आणि वस्तूही. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं यांचं इरलं. वाकून भात लावणाऱ्या बाईची पाठ ते नेमकी झाकतं आणि खालून सगळीकडून हवा खेळते, घामाचा प्रश्नच येत नाही. होडीवर उभं राहून घातलं तर तेच इरलं शीड होईल.

पण आपल्या माणसांना दुसऱ्यांच्या समुद्रांवर जावं लागलंच. ब्रिटिश जहाजांवर लास्कर म्हणून गेलेल्यांत रत्नागिरीचे, गोव्याचे कितीतरी होते. त्यांच्या करारांत अशी अट असे की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३८ अंश उत्तरेच्या वर हिवाळ्यात त्यांना नेऊ नये. वाचायला ती दया वाटते. पण ‘हिंदी माणसाला थंडी सोसत नाही’ हे कारण त्यांना चांगल्या पगाराच्या मार्गांपासून दूर ठेवायलाही सोयीचं होतं. थंडी कुणालाच सोसत नाही. ती कोटाला सोसते, आणि कोट कुणाला द्यायचा हे कुणीतरी ठरवत असतं. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा स्त्री अधिकारी जाऊन आल्या. केप हॉर्नचा वारा सगळ्यांना सारखाच लागला.

त्या सफरीनंतर मी तीन गोष्टी बदलल्या. आत सुती घालत नाही. पाणी मोजून पिते. आणि पँट विकून टाकली, पूर्ण बाजू उघडणारी दुसरी घेतली. जाकीट मात्र टाकवत नाही. थंडीतल्या रात्रपाळीला त्याच्या कॉलरमध्ये नाक खुपसून सुकाणू धरलं की ते अजून वारा अडवतं, आणि समुद्रावर निम्मी थंडी वाऱ्याचीच असते. गेल्या मोसमात तात्या भेटले तेव्हा त्यांना मी आतले सुटलेले पापुद्रे दाखवले. त्यांनी बोटाने खरवडून पाहिलं आणि किंमत विचारली. मी सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःचा निळा प्लास्टिकचा कोट झटकून दोरीवर टाकत म्हणाले, “ह्यो साठ रुपयांचो. पण थंडीत तुझो बरो.”